एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो का?

तुम्ही लिहिलंय की वहिनी दापोलीकडच्या, ६ वर्षं एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या नियमित चालू, तब्येत ठणठणीत. शिबिरात तपासणी केली तर ‘व्हीआयए पॉझिटिव्ह’ असा कागद हातात पडला आणि जिल्ह्याला जायला सांगितलं. घरात सगळे हबकलेत, आणि त्या म्हणतायत लावणी आटपू दे, गणपती होऊ देत, मग बघू.

मी रत्नागिरी जिल्ह्यात समुपदेशनाचं काम करते. आधी घरच्यांना सांगा की या कागदाचा अर्थ कॅन्सर झाला असा होत नाही. आणि वहिनींना सांगा, गणपतीपर्यंत थांबायचं नाही.

या तपासणीत पिशवीच्या तोंडाला पातळ केलेलं अॅसिटिक अॅसिड, म्हणजे व्हिनेगरच म्हणा, कापसाने लावतात. मिनिटभर थांबून चांगल्या उजेडात बघतात. पेशी बदललेल्या असतील तर तेवढाच भाग पिठाचा हात लागल्यासारखा पांढरा होतो, त्याची कडही दिसते. पण नुसती सूज किंवा जंतुसंसर्ग असला तरी पांढरं दिसू शकतं. म्हणून पुढे कॉल्पोस्कोपी करतात, म्हणजे दुर्बिणीतून तो भाग मोठा करून बघतात, गरज वाटली तर बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. हो, धोका जास्त असतो, सुमारे ६ पट. हा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतो. शरीरसंबंध आलेल्या बहुतेकांना तो कधी ना कधी लागतोच, यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही. बहुतेक बायकांचं शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला हुसकून लावतं. हे काम ज्या पेशींच्या जोरावर चालतं, त्या सीडी४ पेशींवरच एचआयव्ही घाला घालतो. मग एचपीव्ही मुक्काम ठोकतो, कधी एकाच वेळी त्याचे दोन-चार प्रकार. एरवी पेशी बिघडण्यापासून कॅन्सर होईपर्यंत १५ ते २० वर्षं जातात. प्रतिकारशक्ती खचलेली असेल आणि उपचार नसतील तर ५ ते १० वर्षांतही होऊ शकतो.

गोळ्यांनी हा धोका नक्की कमी होतो, विशेषतः लवकर सुरू करून न चुकवता घेतल्या तर. पण तो इतर बायकांइतका खाली येतोच असं नाही. गोळ्या सुरू होण्यापूर्वी सीडी४ फार खाली गेले असतील तर जास्तच जपायला हवं. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण, सापडत नाही म्हणून ही तपासणी सोडणाऱ्या बायका मी बघते, तेव्हा जीव चरफडतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की एचआयव्ही असेल तर तपासणी तिशीची वाट न बघता २५व्या वर्षापासून करावी. एचपीव्ही डीएनए चाचणी असेल तर दर ३ ते ५ वर्षांनी, व्हीआयए असेल तर दर ३ वर्षांनी.

जिल्ह्याला बिघाड निघालाच, तर या टप्प्यावर पिशवी काढायची वेळ सहसा येत नाही. तेवढा भाग उष्णतेने जाळतात किंवा तारेच्या वेटोळ्याने कापून काढतात, त्याला लीप म्हणतात. नंतर काही दिवस पाण्यासारखं अंगावरून जातं. महिनाभर संबंध टाळायचे, पुढेही निरोध हवाच. एचआयव्ही असताना बिघाड परत होण्याची शक्यता जास्त असते, म्हणून वर्षभराने पुन्हा दाखवायचं. नवरा मुंबईला असेल तर फोनवर अर्धवट सांगू नका, घरी आला की नीट समजावून सांगा.

आपल्याकडे खरी भीती वेगळीच असते, माहीत आहे. एसटीत कोण भेटेल, गावच्या आशाताईंना कळेल का. २०१७च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे रुग्णालयातल्या कुणालाही ही गोष्ट बाईच्या संमतीशिवाय तिसऱ्याला सांगता येत नाही, आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारताही येत नाहीत. तरी धाकधूक वाटली तर आधी एआरटी केंद्रातल्या समुपदेशकांना भेटा, तिथूनच चिठ्ठी घ्या.

जाताना एआरटीचं कार्ड, शेवटचा सीडी४ आणि व्हायरल लोडचा कागद न्या. पाळी चालू असेल तर ती संपल्यावर जा. मात्र संबंधानंतर रक्त जात असेल, दोन पाळ्यांच्या मधे लाल दिसत असेल किंवा वास मारणारं पाणी जात असेल, तर तारीख-वार न बघता उद्याच निघा.