कन्व्हेअर ओव्हनचं पॅनेल : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

कन्व्हेअर ओव्हन, म्हणजे सरकत्या बेल्टवरून माल आत नेऊन भाजणारा ओव्हन, याबद्दल या वेळी आलेल्या बहुतेक प्रश्नांचा शेवट एकाच वाक्यानं होतो, "कंट्रोलर बदलावा का?" आधी मीटर लावा, मग बोलू. कंट्रोलर, म्हणजे तापमान बघून हीट चालू-बंद करणारा भाग, हा पॅनेलमधला सगळ्यात महागडा भाग आणि बहुधा सगळ्यात निर्दोषही.

प्रश्न : डिस्प्लेवर २५० अंश दिसतात, पण माल करपतो. वेगळा थर्मामीटर आत टाकला तर २८० दाखवतो. मध्यंतरी सेन्सरची वायर तुटली होती, ती जोडून घेतली. कंट्रोलर बिघडला का?

खरी गोष्ट तुमच्या तिसऱ्या वाक्यात आहे. ती वायर बहुतेक साध्या तांब्याच्या तुकड्यानं जोडली असणार.

'के' प्रकारचा थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा तापमान सेन्सर) तापमान नव्हे, तापमानातला फरक मोजतो. एक टोक ओव्हनमध्ये, दुसरं कंट्रोलरच्या टर्मिनलवर. २५० अंशांना, शून्य अंशाच्या हिशेबानं, १०.१५ मिलिव्होल्ट मिळतात. टर्मिनल ४० अंशांवर असेल तर त्यातले १.६१ वजा होतात आणि तारांवर साधारण ८.५ मिलिव्होल्ट उरतात. टर्मिनलचे ४० अंश कंट्रोलर स्वतः मोजून त्यात मिळवतो.

आता जोड ओव्हनच्या भिंतीजवळ ७० अंशांवर आहे आणि तिथून पुढे तांबं आहे, असं धरा. ७० ते ४० या टप्प्याचा व्होल्टेज तयारच होत नाही. कंट्रोलरला ३० अंश कमी दिसतात, तो तेवढी जास्त हीट देत राहतो. आत २८०, डिस्प्लेवर २५०. तुमचा आकडा तंतोतंत हाच आहे.

खात्री करायची तर तारा कंट्रोलरवरून सोडवा आणि मल्टिमीटर मिलिव्होल्टवर लावा. टर्मिनलचं तापमानही बघा. ४० अंशांना ८.५ च्या आसपास आकडा आला, तर कंट्रोलर मिळालेला सिग्नल बरोबर वाचतोय आणि चूक त्याच्या आधी आहे. उपाय एकच : जोडापासून टर्मिनलपर्यंत 'के'चीच केबल टाका.

टाकताना धन-ऋण सांभाळा. रंगांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. अमेरिकी पद्धतीत लाल तार ऋण असते, आयईसी (आंतरराष्ट्रीय) पद्धतीत हिरवी धन आणि पांढरी ऋण. लहान चुंबक जवळ न्या : जी तार चिकटते ती ऋण. दोन्ही तारा उलट्या लागल्या तर ओव्हन तापेल तसा आकडा उतरत जातो, कंट्रोलर हीट चालूच ठेवतो आणि थांबवायला फक्त हाय-लिमिट (तापमान फार चढलं की हीट तोडणारा सुरक्षा स्विच) उरतो.

प्रश्न : ओव्हन तापायला दुप्पट वेळ लागतो आणि माल भरला की तापमान खाली येतं. हीटर बदलावेत का?

आधी तिन्ही फेजवर क्लॅम्प मीटर (तारेभोवती धरून करंट मोजणारं मीटर) लावा. हीटर डेल्टामध्ये किंवा न्यूट्रलशिवाय स्टारमध्ये (तीन फेजच्या जोडणीच्या या दोन पद्धती) असतील आणि एक फ्यूज गेला, तर शक्ती बरोबर निम्मी होते. ओव्हन बंद पडत नाही, म्हणून हा बिघाड अनेक दिवस लक्षातही येत नाही. फ्यूज ठीक असेल तर कॉन्टॅक्टरचे (कॉइलवर चालणारा, सप्लाय जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) जळके कॉन्टॅक्ट आणि सैल टर्मिनल बघा.

मग मेन बंद करून, एक टोक सोडवून, प्रत्येक एलिमेंटचा (हीटरच्या तापणाऱ्या सळीचा) रेझिस्टन्स मोजा. २३० व्होल्ट, ३ किलोवॅटच्या एलिमेंटला साधारण १७.६ ओहम यायला हवेत. सप्लायही पाहा, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गानं बदलते. १० टक्के व्होल्टेज घटला तर १९ टक्के हीट जाते.

हे सगळं बरोबर निघालं, पण अलीकडे सप्लायच्या केबलचं काम झालं असेल, तर तीन फेजच्या ब्लोअरची फिरण्याची दिशा तपासा. सेंट्रिफ्यूगल ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच बाजूला फेकतो, फक्त खूपच कमी. हातानं हवा जाणवते, म्हणून सगळे फसतात. बाणाशी जुळवूनच ठरवा.

प्रश्न : रोज सकाळी हाय-लिमिटचं रीसेट बटण दाबल्याशिवाय ओव्हन चालू होत नाही. दिवसभर काही त्रास नसतो. तो बायपास केला तर चालेल का?

नाही. अजिबात नाही.

रात्री ओव्हन मेन स्विचवरून बंद होत असणार. ओव्हनचं स्वतःचं बटण बंद केलं की हीट तुटते, पण आतलं तापमान उतरेपर्यंत ब्लोअर आणि पॅनेलचा पंखा चालू राहतो. मेन एकदम पाडला की हवा थांबते, भिंतींतली साठलेली उष्णता हाय-लिमिटच्या सेन्सरपाशी जमते आणि तो ट्रिप होतो. आधी ओव्हनचं बटण बंद करा, ब्लोअर आपोआप थांबेपर्यंत मेनला हात लावू नका. तरीही ट्रिप होत राहिला तर ब्लोअर, त्याचा बेल्ट असेल तर तो आणि हीटरचा एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, कंट्रोलरच्या हुकमावर हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) तपासा.

बायपास का नको, तेही सांगतो. हाय-लिमिट, हवेचा प्रेशर स्विच आणि इमर्जन्सी स्टॉप एकापाठोपाठ एक जोडून मुख्य कॉन्टॅक्टरच्या कॉइलपर्यंत जातात. ही ओळ कंट्रोलरच्या मर्जीवर नसते, तीच तिची ताकद. एसएसआर खराब होतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊनच खराब होतो, म्हणजे हीटर चालूच राहतो. कंट्रोलरनं "बंद" सांगितलं तरी ऐकणारं कोणी नसतं. तेव्हा मुख्य कॉन्टॅक्टर पाडणारा हाय-लिमिट तेवढा असतो.

एसएसआर शॉर्ट आहे का, हे क्लॅम्प मीटरनं बघा : सेट पॉइंट खाली आणा, कंट्रोलरचा आउटपुट दिवा विझला तरी करंट वाहत असेल तर तो गेला. नुसता व्होल्टेज मोजू नका. लोड सोडवलेला असेल तर चांगल्या एसएसआरमधूनही गळतीचा व्होल्टेज दिसतो. बदलताना हीटसिंकवर थर्मल पेस्ट लावा आणि पॅनेलच्या पंख्याची जाळी धुवा. ३० अँपियरला एकच एसएसआर ३० वॅटच्या वर उष्णता सोडतो, आणि तेलकट जाळीमागे ती जायची कुठे?

प्रश्न : बेल्टची वेळ ६ मिनिटं लावली आहे, डिस्प्लेही ६ दाखवतो, पण माल ७ मिनिटांनी बाहेर येतो. मोटर ड्राइव्ह बिघडला का?

डिस्प्ले बेल्ट मोजत नाही, मोटर मोजतो. मोटरच्या शाफ्टवरच्या चुंबकाचे पल्स हॉल सेन्सर देतो आणि त्यावरून वेळेचा हिशेब होतो. गिअर, चेन आणि स्प्रॉकेट त्याला दिसतच नाहीत.

बेल्टवर एक खूण ठेवा आणि आत शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत स्टॉपवॉचनं तीन वेळा मोजा. दर वेळी बरोबर ७ आले तर गुणोत्तर चुकलं आहे. मोटरवर १४ दात्यांच्या जागी १२ दात्यांचा स्प्रॉकेट बसवला की ६ चे नेमके ७ होतात. कंट्रोलर बदलला असेल तर त्यातलं गिअर गुणोत्तराचं सेटिंगही पाहा. वेळ दर वेळी वेगळी आली तर स्प्रॉकेटचा ग्रब स्क्रू सैल आहे किंवा चेन दाते सोडते आहे.

डिस्प्लेवरचा आकडाच वरखाली होत असेल तर मात्र ब्रशवाल्या डीसी मोटरचे ब्रश बघा. मोटरला हलकेच ठोकल्यावर ती चालू झाली तर ब्रश संपले आहेत. बेल्ट फार ताणलेला असला तर नवी मोटरही ओव्हरलोड होते.

प्रश्न : ओव्हन काही आठवडे बंद होता. आता हीट चालू करताच अर्थ लीकेज ब्रेकर पडतो.

एलिमेंटच्या आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड टोकांकडून दमटपणा ओढते. मेन बंद करा, एलिमेंट सोडवा आणि ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या मीटरनं) प्रत्येकाचं इन्सुलेशन मोजा. १ मेगोहमच्या खाली आलेला एलिमेंट काढून सुमारे १२० अंशांवर काही तास वाळवा आणि पुन्हा मोजा. आकडा चढला तर तो परत लावा, शून्याजवळच राहिला तर टाकून द्या. ब्रेकर मात्र काढू नका.