गाठीचा रिपोर्ट येण्याआधी कर्ज काढू नका

तुमच्या नऊ वर्षांच्या लॅब्राडोरच्या मांडीवरच्या गाठीत सुई घालून तपासणी झाली आणि मास्ट सेल ट्यूमर, म्हणजे कुत्र्यांच्या त्वचेत होणारा एक कर्करोग, निघाला. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली आहे, लागली तर केमोथेरपीही. अडीअडचणीची मुदत ठेव न मोडता या सगळ्यासाठी वैयक्तिक कर्ज काढावं का, असं तुम्ही विचारलंय.

नको. ठेव मोडा. अशा वेळेसाठीच तर ती ठेवली होती. पण त्यातूनही सध्या शस्त्रक्रिया आणि तपासण्यांपुरतेच पैसे वापरा. केमो लागणार की नाही, हे काढलेल्या गाठीचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीचा अहवाल, आल्यावरच ठरेल. ग्रेड, म्हणजे ट्यूमर किती आक्रमक आहे ते, लो असेल आणि कडांना ट्यूमरच्या पेशी नसतील, तर बहुतेक वेळा उपचार तिथेच संपतात. मग न लागलेल्या केमोच्या कर्जाचे हप्ते का फेडायचे?

काटकसर मात्र चुकीच्या जागी करू नका. अशा गाठीभोवतीची साधारण दोन सेंटिमीटर निरोगी दिसणारी त्वचा आणि खालचा एक थरही काढतात. छोटा छेद स्वस्त वाटतो, पण पेशी मागे राहिल्या तर पुन्हा भूल, पुन्हा टाके, पुन्हा बिल. गाठ लॅबला पाठवायचा खर्चही टाळू नका. पुढचा प्रत्येक निर्णय त्या कागदावर उभा आहे.

गाठ फुगायची आणि बसायची म्हणून दोन महिने थांबलो, असं तुम्ही लिहिलंय. त्याबद्दल स्वतःला बोल लावू नका. या ट्यूमरच्या पेशींतून हिस्टामिन हे सूज आणणारं रसायन सुटतं, त्यामुळे गाठ चोळली गेली की लाल होऊन सुजते आणि नंतर ओसरते. ती दाबून पाहू नका आणि पैशांच्या जुळवाजुळवीत शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलू नका. आता विमा शोधण्यातही दिवस घालवू नका. आधी निदान झालेला आजार सहसा त्यात धरत नाहीत.

रिपोर्टमध्ये हाय ग्रेड आला तर प्रश्न अवघड होईल. तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट विचारा: केमोने किती काळ मिळेल आणि तो काळ कसा जाईल? किती खर्च झेपेल तो आकडा घरच्यांशी बोलून आजच, शांत डोक्याने ठरवा. तेवढे पैसे संपले आणि तुम्ही फक्त कुत्र्याचा त्रास कमी ठेवणारी औषधं निवडलीत, तर तेही उपचारच आहेत.

रिपोर्ट आला की ग्रेड, कडांबद्दलचा शेरा आणि ठेवीत उरलेली रक्कम कळवा. पुढचा हिशोब आपण त्यावरून मांडू.