बाबांना ग्रां प्री दाखवायची आहे, एफडी मोडू का?

पत्र नागपूरच्या बेशावरून आलंय. लिहिणारे ३४ वर्षांचे, बुटीबोरीला प्रॉडक्शन इंजिनिअर, हातात महिन्याला ८४,००० येतात. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका, त्यांचे ३१,०००. चार वर्षांची मुलगी. फ्लॅटचा हप्ता २७,५००, एसआयपी १५,०००, घरखर्च ४८,०००. बँकेत तीन लाखांची एफडी आणि बचत खात्यात ९०,०००. वडील ६४ वर्षांचे, एसटीच्या हिंगण्याच्या कार्यशाळेतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. शूमाकर गाडी चालवायचा त्या काळापासून बापलेक एकत्र बसून फॉर्म्युला वनच्या मोटारशर्यती बघतात. येत्या ऑक्टोबरात बाबांना सिंगापूरची ग्रां प्री, म्हणजे त्या मालिकेतली तिथली शर्यत, प्रत्यक्ष दाखवायची, असं मुलाच्या मनात आहे. एका ट्रॅव्हल कंपनीनं दोघांचं पॅकेज ३,६०,००० सांगितलंय, बारा महिन्यांच्या 'नो कॉस्ट' ईएमआयवर. रोख भरले तर ३,४२,०००.

विचारतात, ईएमआय घेऊ, पर्सनल लोन काढू, की एफडी मोडू? मेहुण्याचं म्हणणं, हेच पैसे उमरेड रोडच्या प्लॉटला लाव. आणि बाबांचं म्हणणं, "घरी दिसते ना, मंग तिथं काहून जाचं?"

तर माझं उत्तर असं: जा. पण यंदा नको, पुढच्या वर्षी जा, आणि तुम्ही विचारलेल्या तिन्हीपैकी एकही वाट धरू नका.

आधी बाबांच्या प्रश्नाचं बघू, कारण तो सगळ्यात खरा आहे. शर्यत घरीच जास्त चांगली दिसते. मी २०११ साली पहिल्या इंडियन ग्रां प्रीला ग्रेटर नोएडाला गेलो होतो, नागपूरहून रेल्वेनं, दिवाळी नुकतीच झाली होती. तिकिटं २,५०० पासून ३५,००० पर्यंत होती आणि मी अर्थातच खालच्या टोकाचं घेतलं. गाड्या समोरून जायच्या त्या दोन-तीन सेकंद, मग दीड मिनिट वाट बघायची. कोण कितव्या नंबरवर आहे हे मला निम्मा वेळ कळत नव्हतं. व्हेटेल जिंकला हेही पडद्यावर बघून पक्कं केलं. पण पहिल्यांदा गाड्यांचा घोळका समोरून गेला तेव्हा आवाज कानाआधी छातीत शिरला होता, आणि शेजारचा अनोळखी माणूस माझा हात धरून नुसता हसत होता. ते घरी दिसत नाही. (तेव्हा आठ सिलिंडरची व्ही-एट इंजिनं होती. २०१४ पासूनची सहा सिलिंडरची, विजेची जोड असलेली व्ही-सिक्स हायब्रिड त्यामानानं शांत आहेत, पण कानात बोळे तरीही लागतातच.) नोएडाची शर्यत २०१३ नंतर झाली नाही, त्यामुळे आता हा शौक परदेशातच फिटतो, आणि म्हणून तो महाग आहे.

तुम्ही पत्रात एक गणित मांडलंय की साडेतीन लाख म्युच्युअल फंडात टाकले तर १२ टक्क्यांनी वीस वर्षांत ३४ लाख होतील, मग ही सहल ३४ लाखांची झाली का? हे गणित लोक माझ्यासमोर नेहमी ठेवतात, आणि मला ते आवडत नाही. बेरीज बरोबर आहे, पण महागाई ६ टक्के धरली तर त्या ३४ लाखांची आजची किंमत साडेदहा लाखांच्या आसपास भरते. आणि तेव्हा बाबा ८४ वर्षांचे असतील. खर्चाला खर्च म्हणावं. या हिशेबानं कुणी मुलीचं बारसंही केलं नसतं.

प्लॉटबद्दल एवढंच: सात-बारा, एनए (बिगरशेती परवानगी) आणि मंजूर लेआउट न बघता साडेतीन लाखांचा 'प्लॉट' म्हणजे बहुतेक वेळा टोकन असतं, पुढचे हप्ते वेगळे. मेहुण्यांना चहा पाजा आणि विषय बदला.

आता तुमच्या तीन वाटा. ईएमआय बारा महिन्यांचा, म्हणजे महिन्याला ३०,०००. तुमच्या दोघांच्या १,१५,००० मधून हप्ता, एसआयपी आणि घरखर्च गेला की उरतात २४,५००. त्यातून शाळेची फी, गाडीचा विमा, सणवार, लग्नातले आहेर असे वर्षातून उगवणारे खर्च महिन्यावर वाटले तर साडेनऊ हजार सहज जातात. हाती मोकळे १५,०००. त्यातून तीस हजारांचा हप्ता कसा निघणार? क्रेडिट कार्डवर. आणि 'नो कॉस्ट' म्हणजे रोखीवर मिळणारी १८,००० ची सूट सोडणं, हे तुमच्याच आकड्यात दिसतंय. पर्सनल लोनचं सांगायचं तर साडेतीन लाख, १४ टक्के, दोन वर्षं: हप्ता १६,८०० च्या घरात आणि व्याज ५३,००० च्या वर. शर्यत दोन तासांत संपते, हा हप्ता पुढच्या दोन दिवाळ्या खाईल.

एफडी मोडणं वरवर सगळ्यात स्वस्त वाटतं. पण ती एफडी तुमची सहलीची नाहीच. घरखर्च अधिक गृहकर्जाचा हप्ता महिन्याला ७५,५०० होतो. सहा महिन्यांचे ४,५३,००० बाजूला हवेत. तुमच्याकडे सगळं मिळून ३,९०,००० आहेत. म्हणजे आजच ६३,००० कमी पडताहेत. दोघं कमावते आहात म्हणून एवढी उणीव मी तूर्त चालवून घेतो, पण एफडीला हात लावू देणार नाही.

पत्रात एक ओळ तुम्ही कंसात टाकलीय, माझ्या मते ती या सगळ्याच्या मधोमध आहे: बाबांना शुगर आहे आणि त्यांचा आरोग्य विमा फक्त तुमच्या कंपनीच्या पॉलिसीत आहे. नोकरी बदलली की तो गेला. एसटीतून निवृत्त झालेल्यांची पेन्शन किती तोकडी असते हे तुम्हाला मी सांगायला नको. सत्तरीनंतर आयुष्मान भारतचं पाच लाखांचं संरक्षण उत्पन्न न बघता मिळतं, पण त्याला अजून सहा वर्षं आहेत. तेव्हा आधी त्यांच्या नावाची स्वतंत्र पॉलिसी घ्या. आधीच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून जितकी लवकर घ्याल तितकं बरं. शुगर लपवू नका. लपवलेली शुगर क्लेमच्या वेळीच सापडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढी सवलत झालीय. वर्षाला ४०,००० धरून चाला, दोन-तीन ठिकाणची कोटेशनं घ्या. हे झाल्याशिवाय सिंगापूरचं तिकीट काढायचं नाही, ही माझी एकमेव अट समजा.

आता पैसे कुठून. पुढच्या वर्षीच्या शर्यतीला साधारण चौदा महिने आहेत. मोकळे १५,००० गुणिले चौदा, २,१०,०००. एसआयपी तेवढे महिने १५ वरून १२ हजारांवर आणा, त्यातून ४२,०००. (एसआयपीला कधीच हात लावायचा नाही म्हणणारे माझे व्यवसायबंधू माझ्यावर रागावतील. रागावू द्या. थांबवायला सांगत नाहीये, थोडी हळू करायला सांगतोय.) दिवाळीचा बोनस तुम्ही ८०,००० लिहिलाय. एकूण ३,३२,०००. त्यातून विम्याचे ४०,००० वजा केले की २,९२,००० राहतात. वेगळं आरडी खातं काढा. पगाराच्या खात्यात पडलेल्या पैशाला पाय फुटतात.

एवढ्यात सिंगापूर बसतं का? पॅकेज सोडलंत तर बसतं. माझा अंदाज दोघांचा असा: विमान ८०,०००, तिकिटं ९५,०००, चार रात्री हॉटेल ५०,०००, व्हिसा आणि प्रवास विमा १२,०००, खाणं-फिरणं २५,०००, आणि रुपया घसरला किंवा विमान हुकलं तर १८,०००. बेरीज २,८०,०००.

यातला हॉटेलचा आकडा सगळ्यात फसवा आहे. शर्यतीच्या आठवड्यात तिथले दर आकाशाला भिडतात, शिवाय ट्रॅकजवळच्या हॉटेलांवर सरकारचा वेगळा उपकर असतो. ट्रॅक शहराच्या मधोमध मरीना बेला आहे, म्हणून लोकांना वाटतं तिथंच राहायला हवं. नको. लिटल इंडियात राहा. तिथून मेट्रोच्या डाउनटाउन लाइननं प्रॉमेनेड स्टेशन तिसरं. बाबांना सकाळी इडली-सांबार मिळेल, आणि शुगरवाल्या माणसाला वेळेवर ओळखीचं खाणं मिळणं ही साधी गोष्ट नाही. शर्यत तिथल्या रात्री आठला, आपल्या साडेपाचला सुरू होते. हॉटेलवर पोचेपर्यंत मध्यरात्र होईल आणि हवा तेव्हाही मे महिन्यातल्या मुंबईसारखी चिकट असेल. बरंच चालावं लागतं. गोळ्या अंगावरच्या पिशवीत ठेवायच्या, हॉटेलात नाही.

तिकिटात मात्र कंजुषी करू नका, आणि हे मी माझ्या २,५०० च्या अनुभवावरून सांगतोय. सगळ्यात स्वस्त तिकीट उभं राहून जाळीतून बघायचं असतं. तुमच्या वयाला चालेल, ६४ व्या वर्षी गुडघे तीन दिवस साथ देणार नाहीत. बसायची जागा घ्या, सरळ रस्त्यावरची नको, वळणाजवळची घ्या. गाड्या तिथं वेग तोडतात, म्हणून त्या निदान डोळ्यांना सापडतात. तिकीट अधिकृत विक्रीतूनच, आणि पुढच्या वर्षीची विक्री शर्यतीच्या कितीतरी महिने आधी सुरू होते. म्हणून बोनसचे पैसे तिकिटाला, मग विमान, मग हॉटेल, शेवटी व्हिसा. हॉटेल मात्र रद्द करता येईल असंच. सिंगापूरचा शर्यत भरवण्याचा करार २०२८ पर्यंतचा आहे, तेव्हा यंदा नाही तर कधीच नाही, असं काही नाही.

कार्डाचं एक बघून ठेवा. परकीय चलनात पैसे भरले की बरीच कार्डं साडेतीन टक्के जास्त घेतात आणि त्यावर जीएसटी. ९५,००० च्या तिकिटावर ३,९०० च्या आसपास गेलेच. हा आकार न लावणारी कार्डंही मिळतात, एखादं आधीच काढून ठेवा. आणि शेवटी पॅकेजच घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं आगाऊ घेतलेला प्राप्तिकर, कापतात. त्याचे दर बदलत आलेत, बुकिंगच्या दिवशीचा दर विचारा. तो खर्च नाही, तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात.

प्रवास विम्याच्या फॉर्मवरही शुगर लिहा. साठीपुढच्यांचा हप्ता थोडा जास्त असतो आणि आधीच्या आजारासाठी बहुधा जिवावर बेतलेल्या प्रसंगापुरतंच संरक्षण मिळतं. कलम वाचून घ्या.

काही कारणानं ऑक्टोबर हुकला तर हंगामाची शेवटची शर्यत अबू धाबीला असते, साधारण डिसेंबरात. हवा आल्हाददायक, आणि शारजाला नागपूरहून थेट विमान मिळालं तर पुढे रस्त्यानं जाता येतं. मनात पर्याय म्हणून असू द्या.

एक राहिलं. पत्रात पत्नीच्या पगाराचा उल्लेख आहे, मताचा नाही. चौदा महिने घरातून १८,००० बाजूला निघणार ते दोघांचे आहेत. त्यांना विचारलंय ना? त्यांनाही कुठं जायचं असेल, तर ते आत्ताच कागदावर येऊ द्या.

आणि बाबांना काय सांगायचं? त्यांनी उभी हयात एसटीची चाकं बदललीत. शर्यतीत पिटमध्ये, म्हणजे गाडी मध्येच थांबते त्या जागी, चारही टायर दोन-अडीच सेकंदांत बदलतात. २०२३ मध्ये कतारला मॅक्लारेन संघानं १.८० सेकंदांत बदलले होते. पिटसमोरची बैठक सगळ्यात महाग असते, ती आपल्या हिशेबात बसत नाही. पण तीन दिवसांचं तिकीट असलेल्यांना गुरुवारी पिट लेनमधून चालत जाऊ देण्याची पद्धत बऱ्याच शर्यतींत आहे, सिंगापूरलाही ती राहिली आहे. त्या वर्षी तुमच्या तिकिटावर ती आहे का ते घेण्याआधी वाचा, आणि विमान असं घ्या की गुरुवारी सकाळीच पोचाल. बाबांच्या पासपोर्टचा अर्ज मात्र याच महिन्यात भरा.