मला मोडीत काढलं का?

“आता मॅमोग्राफी नाही केली तरी चालेल,” असं स्तनाच्या कर्करोगासाठीच्या या एक्स-रे तपासणीबद्दल डॉक्टर म्हणाले, की पंचाहत्तरी ओलांडलेल्या बायका दुखावून माझ्याकडे येतात. मुली तर भांडायच्याच तयारीत. वयाबरोबर धोका वाढतो ना, मग आत्ताच बंद कशी?

अशाच एक काकू, वय ७९. हृदय अशक्त, मूत्रपिंडं थकलेली, बोलणं मात्र खणखणीत. पिशवीतून फाइल काढली. पन्नाशीपासूनचे रिपोर्ट, प्रत्येकावर लाल पेनाने साल आणि ‘नॉर्मल’.

“यंदा काहीच लागणार नाही यात. मला मोडीत काढलं का हो?”

मुलीचं एकच पालुपद, “तपासणी व्हायलाच हवी.” परिस्थितीपेक्षा माणसाला तो ‘च’ जास्त छळतो, असं मी मानते. पण त्यावर लगेच बोट ठेवायचं नसतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. दोन भेटी नुसतं ऐकलं.

तिसऱ्या वेळी विचारलं, “काकू, समजा काही निघालं. मग?”

“ऑपरेशन नाही. भूल झेपणार नाही म्हणालेत. केमोचं तर नाव नको.”

मी गप्प राहिले. त्या फाइलचा रबर बोटाला गुंडाळत बसल्या.

“म्हणजे मी नुसता शिक्का मारून घ्यायला जात होते.”

मुलगी एकदम रडायला लागली. “उद्या काही झालं तर सगळे मलाच विचारतील.” तिला ती तपासणी आपण हयगय केली नाही याची पावती म्हणून हवी होती. हे मी ऐकवलं असतं तर ती उठून गेली असती. स्वतःच म्हणाली, म्हणून टिकलं.

धोका वयाबरोबर वाढतो, हे खरंच. पण फायदा उशिरा पदरात पडतो: हजार जणींची तपासणी केली, तर एकीचा मृत्यू टळायला साधारण १० ते ११ वर्षं जातात. त्रास मात्र लगेच सुरू होतो. शंका, सुई टोचून तुकडा काढणं, आणि कधी आयुष्यभर डोकं वरही न काढणाऱ्या गाठीवर उपचार. मॅमोग्राफीचा फायदा जोखणाऱ्या मोठ्या अभ्यासांमध्ये ७४ वर्षांपुढच्या बायका नव्हत्याच, त्यामुळे पुढचं सगळं अंदाजानेच. म्हणून वयाचा आकडा एकटा पुरत नाही. प्रकृती बघायची, आणि निघालं तर उपचार घेणार का, हे आधी ठरवायचं.

गाठ हाताला लागली, कातडी ओढली गेली, स्तनाग्रातून रक्त आलं, तर गोष्ट वेगळी. तेव्हा वय बघायचं नाही, डॉक्टर गाठायचा. ऑपरेशन न झेपणाऱ्यांनाही काही प्रकारांत हार्मोनच्या गोळ्यांनी आजार आटोक्यात ठेवता येतो. काकूंनी हे फाइलमध्ये लिहून घेतलं, लाल पेनानेच.

त्याच महिन्यात ७६ वर्षांच्या एक बाई आल्या. जिने चढून, धाप न लागता. “वय झालं, आता कशाला,” म्हणाल्या. त्यांना मी उलट डॉक्टरांकडे पाठवलं.