गुणांवरून शिक्षक जोखावा का?

प्रश्न : यंदा माझ्या वर्गाचे गुण घसरले आणि ठपका माझ्यावर आला. मुलं माझ्याकडे आली तेव्हाच कच्ची होती. हे मोजमाप न्याय्य आहे का? (एक शिक्षिका)

नाही. गुणांमध्ये आधीच्या इयत्ता, घरची परिस्थिती, हजेरी आणि तुमचं शिकवणं, सगळंच मिसळलेलं असतं. अमेरिकेत मुलांची वर्षभरातली प्रगती मोजून त्यातला शिक्षकाचा वाटा वेगळा काढायचे प्रयत्न झाले. त्यावर अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१४ मध्ये सांगितलं, की बहुतेक अभ्यासांत गुणांमधल्या फरकापैकी सुमारे १ ते १४ टक्केच शिक्षकांमुळे असल्याचं दिसतं. शिवाय वर्ग लहान असेल, तर चार-पाच मुलांमुळेही सरासरी हलते. वर्षाच्या सुरुवातीची पातळी लेखी नोंदवून ठेवा आणि निकालाशेजारी तीही मांडा.

प्रश्न : धाकच नसेल, तर सरकारी शाळेत शिकवतील कशाला? (एक पालक)

तुमची काळजी रास्त आहे. मूल वाचायला शिकत नसेल, तर कुणीतरी जाब द्यायलाच हवा. पण धाकाचे परिणाम जगाने पाहिले आहेत. इंग्लंडमध्ये १८६२ पासून शाळांचं अनुदान मुलांच्या वाचन-लेखन-गणिताच्या परीक्षेशी आणि हजेरीशी बांधलं गेलं. मग इतर विषय मागे पडले आणि वाचनाची पुस्तकं मुलांकडून पाठ करून घेतली गेली. अमेरिकेतल्या अटलांटात तर २००९ च्या परीक्षेत शिक्षकांनीच उत्तरं खोडून दुरुस्त केली. २०११ च्या सरकारी चौकशीत ४४ शाळांमधल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली. २०१५ मध्ये ११ जण दोषी ठरले. मला सर्वांत जास्त टोचतं ते पुढचं. ज्यांना वाचता येत नव्हतं, ती मुलं कागदावर पास झाली आणि जादा मदतीला मुकली.

प्रश्न : मग परीक्षा बंदच कराव्यात का?

मुळीच नाही. दुर्लक्षित मुलं कुठे मागे पडतात, ते परीक्षेमुळेच कळतं. अमेरिकेची राष्ट्रीय शैक्षणिक चाचणी १९६९ पासून फक्त निवडक मुलांची घेतली जाते आणि एकेका मुलाचे गुण जाहीर होत नाहीत. त्यामुळे फसवणुकीचा मोहच उरत नाही.

प्रश्न : शिक्षकांचं मूल्यमापन मी कशावरून करू? (एक मुख्याध्यापक)

वर्गात जाऊन बसा, वर्षातून अनेकदा. वह्या चाळा. विषय जाणणारा दुसरा शिक्षक सोबत न्या. जे दिसलं त्यावर त्याच आठवड्यात बोला. गुण जरूर पाहा, पण सलग काही वर्षांचे. पगारवाढ मात्र त्यांच्याशी बांधू नका.