उशिराची वही

पोरी, अनेक आशीर्वाद.

रविवारी निघताना गेटपाशी वळून तू विचारलंस, "काका, विकू की थांबू?" मी नुसता हात हलवला. पडवीत अजून चौघं बसलेले होते, तोंडातून काहीही निघालं असतं तर आणखी तासभर वाद पेटला असता. पण तुझ्या बाबांबरोबर मी तीस वर्षं एकाच शॉपफ्लोअरवर काढली. त्यांच्या लेकीला उडतं उत्तर देऊन भागायचं नाही, म्हणून हे पत्र.

आधी त्या वादाबद्दल, म्हणजे सुई न टोचता साखर मोजणारं यंत्र काढणार म्हणणाऱ्या त्या कंपनीच्या शेअरवरून झालेल्या. शहापूरचा आपला साडीवाला हात आपटून सांगत होता, "कंपनी फसवूलालीय, तिसऱ्यांदा तारीख बदलली!" बँकेतून निवृत्त झालेले साहेब म्हणत होते, वैद्यकीय यंत्रांच्या धंद्यात उशीर व्हायचाच, ज्याला धीर नाही त्यानं एफडी करावी. खानापूरचे मास्तर दोघांनाही मान डोलवत होते. तू गप्प ऐकत होतीस, ते बरं केलंस. एक गोष्ट मात्र तुझ्या लक्षात आली की नाही ठाऊक नाही. साहेबांनी तो शेअर आयपीओत घेतलाय, ते अजून फायद्यात आहेत. साडीवाल्यानं तो चढल्यावर घेतला, तो निम्म्यावर आलाय. दोघं कंपनीबद्दल भांडतायत असं दिसत होतं, पण भांडत होते त्यांचे खरेदीचे भाव. शेअरची अदलाबदल करून दिली असती तर चहा गार व्हायच्या आत दोघांनी मतं बदलली असती.

मला उशिरातलं जे काही कळतं ते उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कळलं, शेअर बाजारात नव्हे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला हायड्रॉलिक पंपाच्या बॉडीचं कास्टिंग द्यायचं होतं. सॅम्पल पंधरा दिवसांत देतो म्हणून आम्ही कबूल झालो, आणि लागला जुलै. बेळगावचा जुलै तुला सांगायला नको. वाळू दमट, आणि कास्टिंगच्या आतली पोकळी राखणारा वाळूचा कोअरही दमट. असल्या कोअरवर वितळलेलं लोखंड ओतलं की वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि आत पोकळी राहते. कास्टिंग वरून गुळगुळीत दिसतं. मशिनवर चढवून दोन मिलिमीटर घेतले की ब्लोहोल उघडं पडतं, करंगळीचं टोक आत जाईल एवढं. पहिल्या खेपेला मी फोनवर सांगितलं, पॅटर्न दुरुस्तीला गेलाय. दुसऱ्या खेपेला सांगितलं, लाईट नव्हती. तिसऱ्यांदा सांगितलं, कोअर शॉपचा माणूस गावच्या यात्रेला गेलाय. गंमत अशी की यातलं धडधडीत खोटं एकही नव्हतं. पॅटर्न खरंच गेला होता, लाईटही गेली होती. पण सॅम्पल अडलं होतं ते कोअर वाळवायचा ओव्हन लहान पडत होता म्हणून, आणि मालकांना नवा घ्यायचा नव्हता.

शेवटी पुण्याहून त्यांचा इन्स्पेक्टर आला. आम्ही चहा दिला, कुंदा ठेवला. तो रागावला नाही. खिशातून डायरी काढली आणि माझी तीन कारणं, माझ्याच शब्दांत, तारखेसकट वाचून दाखवली. मग विचारलं, "यातलं कुठलं कारण सुटलं, म्हणून पुढचं आलं?"

माझे कान तापले. तुझे बाबा शेजारीच उभे होते, त्यांनीच ओव्हनचं सांगून टाकलं. आणि त्या माणसानं काय केलं असेल? सहा आठवडे वाढवून दिले.

तेव्हा पहिलं काम हे कर. एक वही घे. कंपनीनं एक्स्चेंजला दिलेली तिन्ही पत्रं काढ आणि उशिराची कारणं त्यांच्याच शब्दांत उतरवून घे. मला आठवतं तसं पहिल्यांदा सेन्सर वेळेवर मिळाले नाहीत म्हणाले, दुसऱ्यांदा चाचण्यांची माहिती आणखी गोळा करायची आहे, आणि आता 'नियामक प्रक्रिया'. सेन्सर मिळाले, मग चाचणी सुरू झाली, ती संपली आणि आता कागद सरकारी टेबलावर आहे, असं असेल तर गाडी हळू का होईना, पुढं चालली आहे. पण सेन्सरचं काय झालं ते पुढच्या कुठल्याच पत्रात नसेल, तर ओव्हन कुठला ते शोधावं लागेल.

आता यंत्राचं बघू. सुई न टोचता रक्तातली साखर सांगणारं यंत्र. मी रोज सकाळी बोट टोचून घेतो. फाउंड्रीनं कातडी अशी राठ करून ठेवलीय की कधीकधी दोनदा टोचावं लागतं. असं यंत्र निघालं तर पहिला गिऱ्हाईक मीच. पण तू हत्तरगीला सीएमएमवर, म्हणजे बारीक मापं घेणाऱ्या यंत्रावर, विमानाचे सुटे भाग मोजतेस, किती चूक चालते ही टॉलरन्सची भाषा तुला माझ्यापेक्षा चांगली कळते. घरी वापरायच्या साध्या ग्लुकोमीटरचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १५१९७, त्याची २०१३ ची आवृत्ती. साखर १०० च्या खाली असेल तर शंभरातल्या किमान ९५ मोजण्या खऱ्या आकड्याच्या १५ मिलिग्रॅम अलीकडे-पलीकडे यायला हव्यात. १०० आणि त्याच्या वर असेल तर १५ टक्क्यांच्या आत. ही झाली रक्ताच्या थेंबावर मोजणाऱ्या यंत्राची गोष्ट. कातडीवरून अंदाज बांधायचा तर घाम, थंडी, कातडीची जाडी, हाताची हालचाल, सगळंच आडवं येतं. साखर ७० च्या खाली घसरली की माणसाला घाम फुटतो, गरगरतं. अशा वेळी यंत्रानं ११० दाखवलं तर तो गूळ तोंडात टाकायचा नाही, जेवण राहू दे म्हणेल. त्यातून पुढं काय होतं ते आमच्या गल्लीनं एकदा पाहिलंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणांच्या सरकारी नियंत्रकानं, लोकांना उघड इशारा दिला होता की सुई न टोचता स्वतःच साखर मोजतो म्हणणाऱ्या कुठल्याही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही. जगातल्या बड्या कंपन्यांना जे चकवतंय ते आपल्या या कंपनीला दीड वर्षात जमेल, असं आयपीओच्या वेळी कुणी लिहिलं असेल तर उशिरापेक्षा त्या दीड वर्षाचाच मला जास्त संशय येतो.

नाहीतर घाईचं उदाहरण आहेच. थेरानॉस ही अमेरिकेतली कंपनी २००३ मध्ये निघाली, बोटाच्या टोकातल्या चार थेंबांत ढीगभर तपासण्या करून देते म्हणाली. यंत्राला ते जमत नसताना दुकानात रुग्णांचं रक्त घ्यायला सुरुवातही केली. मालकीणबाईंना २०२२ मध्ये अकरा वर्षांहून जास्त कैद झाली. त्यांनी उशीर केला असता तर बरं झालं असतं.

'नियामक प्रक्रिया' हा शब्द मात्र मला पचला नाही. आपल्याकडे वैद्यकीय उपकरण नियम २०१७ चे, लागू झाले १ जानेवारी २०१८ पासून. धोक्याप्रमाणे ए, बी, सी, डी असे चार वर्ग. ए आणि बीचं उत्पादन परवान्याचं काम राज्याकडं, सी आणि डीचं दिल्लीच्या सीडीएससीओकडं, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेकडं. सगळीच उपकरणं टप्प्याटप्प्यानं कायद्याखाली येणार हे फेब्रुवारी २०२० मध्येच जाहीर झालं होतं, आणि सी-डी वर्गाला परवाना सक्तीचा झाला तो १ ऑक्टोबर २०२३ पासून. ग्लुकोमीटरचं नाव तर डिसेंबर २०१८ च्या अधिसूचनेतच होतं. त्यामुळं 'नियम अचानक बदलले' असं कुणी म्हणालं तर ते आमच्या लाईट गेल्याच्या जातीचं कारण समज. अमेरिकेतल्या मंजुरीचं म्हणत असतील तर तिथं ५१०(के) नावाच्या वाटेला एफडीए स्वतःसाठी ९० दिवसांचं लक्ष्य ठेवते, पण जादा माहिती मागितली की घड्याळ थांबतं आणि उत्तराला कंपनीला १८० दिवस मिळतात. म्हणजे 'एफडीएकडं प्रलंबित' हे वाक्य खरं असूनही कागद कंपनीच्याच टेबलावर पडलेला असू शकतो. घड्याळ कुणाच्या बाजूनं थांबलंय, एवढंच विचार.

कुणाला विचारायचं? वार्षिक सभेत. एक लॉट, म्हणजे शेअरचा एक ठरलेला गठ्ठा, असला तरी तू भागधारक आहेस, आणि हल्ली बऱ्याच सभा व्हिडिओवर होतात. बोलायचं असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं, नोटिशीत पद्धत दिलेली असते. प्रश्न एकच विचार, लांबण लावू नकोस. आपले साहेब गेल्या वर्षी बोलायला उठले आणि चेअरमनचं अभिनंदन करण्यातच त्यांची तीन मिनिटं संपली.

त्याआधी अहवाल वाच. तुझ्या आजीकडं शेताचा उतारा कन्नडमध्ये येतो. तिला कन्नड वाचता येत नाही, तरी शेजारच्या पोराला बसवून ओळ न् ओळ लावून घेते, कारण जमीन तिची आहे. तू मात्र इंग्रजी शिकून वार्षिक अहवालातली फोटोंची पानं बघतेस आणि मिटून ठेवतेस. मागं टिपांमध्ये जा. 'इंटँजिबल असेट्स अंडर डेव्हलपमेंट' असा मथळा शोध. यंत्र तयार करायचा खर्च नफ्यातून वजा न करता मालमत्ता म्हणून बाजूला ठेवला असेल तर तो तिथं सापडेल. २०२१-२२ पासून त्या रकमेचं वय द्यावं लागतं: एक वर्षाच्या आतली किती, एक ते दोन, दोन ते तीन, तीनहून जुनी किती. आणि जे काम मूळ ठरलेल्या वेळेच्या मागं पडलंय किंवा खर्चाच्या वर गेलंय, ते कधी पुरं होणार याचा वेगळा तक्ता. तो तक्ता कोरा आणि पत्रात मात्र तिसरी तारीख, असं दिसलं तर पान दुमडून ठेव.

चाचणीचं तर आणखी सोपं आहे. आपल्या देशातल्या क्लिनिकल चाचण्यांची सीटीआरआय नावाची सरकारी नोंदवही आहे, कुणालाही फुकट बघता येते. किती रुग्ण घेणार, कुठल्या इस्पितळांत, पहिला रुग्ण कधी घेतला, हे तिथं लिहिलेलं असतं. मी शोधायला बसलो होतो, पण माझ्या फोनवर अक्षर बारीक दिसतं. तू बघ.

प्रवर्तकांनी गेल्या वर्षी वॉरंट घेतले म्हणून पडवीत पेढे वाटल्यासारखा आनंद झाला होता. वॉरंट म्हणजे ठरलेल्या भावानं पुढं शेअर घ्यायचा हक्क. त्याला सुरुवातीला २५ टक्केच भरायचे असतात, बाकीचे १८ महिन्यांत. ते भरले नाहीत तर आधीचे २५ टक्के बुडतात. घरच्याच माणसांनी ते बुडू दिले, तर बाहेरच्यांनी काय समजायचं ते समजावं.

आता मनातलं एक. आपण सीमाभागातली माणसं. १९५६ पासून थांबलोय. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, महाराष्ट्राचा दावा २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि तारखा अजून पडतायत. तिथं उठून न जाणं हीच आपली लाज राखणारी गोष्ट आहे, त्यावर मी कुणाचं ऐकून घेणार नाही. पण ती सवय इतकी अंगात मुरलीय की आपण शेअरपाशीही तसेच बसतो. साडीवाला बघ, दर रविवारी कंपनीला शिव्या घालतो आणि एक शेअर विकत नाही. विकणं त्याला पळून गेल्यासारखं वाटतं. कंपनी म्हणजे गाव नव्हे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुझ्याकडं दोन लॉट आहेत, आणि त्यातल्या एकात बाबांच्या ग्रॅच्युइटीचे पैसे आहेत, हे त्यांनीच मला सांगितलं, रागावू नकोस. ते पैसे भट्टीसमोर उभं राहून आलेत. तो लॉट वही पुरी व्हायची वाट न बघता काढ, तोटा झाला तरी. एसएमई, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या बाजारात लॉटच विकावा लागतो आणि घेणारे मोजके असतात, तेव्हा मिळेल त्या भावाची मार्केट ऑर्डर टाकू नकोस, भाव लावून दोन-चार दिवस थांब. दुसरा लॉट तुझ्या पगाराचा आहे. तो ठेवायचा की नाही ते वही सांगेल. स्वस्त झालाय म्हणून ॲव्हरेज करायला, सरासरी भाव खाली आणायला, आणखी घेशील तर मात्र पडवीत पाऊल ठेवू नकोस.

येत्या रविवारी दहाच्या आत ये, मंडळी जमायच्या आधी. मागच्या दारानं ये, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसू. तिन्ही पत्रांची प्रिंट मोठ्या अक्षरात काढून आण. आणि दुसऱ्या गेटजवळच्या मेडिकलमधून माझ्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्या घेऊन ये, डबी संपत आलीय.

तुझा काका