पॉलिसीला चार वर्षे झाल्यावर वडिलांचा मधुमेह लपवला म्हणून मृत्युदावा नाकारता येतो का?

नाही, पॉलिसी मध्यंतरी बंद पडून पुन्हा चालू केलेली नसेल आणि तिला नंतर रायडर (मूळ पॉलिसीवर घेतलेले जादा संरक्षण) जोडलेला नसेल, तर या कारणाने दावा नाकारता येत नाही. विमा अधिनियम, 1938 च्या कलम 45 नुसार तीन वर्षे उलटल्यावर माहिती लपवल्याच्या, अगदी फसवणुकीच्या कारणावरूनही कंपनीला पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. मात्र ही तीन वर्षे पॉलिसी दिल्याची, जोखीम सुरू झाल्याची (म्हणजे विमा संरक्षण लागू झाल्याची), पुनरुज्जीवनाची (बंद पॉलिसी पुन्हा चालू केल्याची) किंवा रायडर जोडल्याची तारीख, यांपैकी जी शेवटची असेल तिच्यापासून मोजतात. म्हणून आधी हप्त्यांच्या पावत्या काढून एखादा हप्ता थकून पॉलिसी खंडित झाली होती का, हे नीट पाहा. वाद अनेकदा तिथेच अडतो. तसे नसेल, तर नकारपत्राची प्रत जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा पुन्हा नकार आल्यास एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. महाराष्ट्रात त्यांची कार्यालये मुंबई, ठाणे आणि पुणे येथे आहेत, शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे, पण तिथे प्रकरण चालू असताना लोकपाल तीच तक्रार घेत नाहीत. दुःखाच्या दिवसांत हप्ते परत देऊन प्रकरण मिटवण्याचा प्रस्ताव आला, तर ‘पूर्ण व अंतिम’ असे लिहिलेल्या कागदावर घाईने सही करू नका.